भुकेल्याचा वाटा : यहूदी परंपरेतील अन्नसेवा आणि आपण

जुना करार नियमशास्त्राचा आणि नवा करार प्रीतीचा, अशी सोपी विभागणी आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतून पुष्कळदा ऐकावयास मिळते. तिला जोडूनच दुसरा एक समज पसरतो. प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात दानधर्माचा गाजावाजा करणाऱ्या ढोंग्यांना फटकारले (मत्तय ६:२). तेव्हा यहूदी लोकांचा दानधर्म म्हणजे निव्वळ दिखाऊपणा होता, असे मुलांच्या मनावर ठसते. हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय आपले नुकसान करणाराही आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राच्या चौथ्या परिच्छेदात ख्रिस्तसभेला तिच्या यहूदी मुळांचे स्मरण करून दिले. भुकेल्याला भाकर देण्याच्या बाबतीत ती मुळे किती खोल गेली आहेत, याचा विचार धर्मगुरू व धर्मशिक्षक यांनी मुद्दाम करावा असा आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, यहूदी परंपरेने भुकेल्याच्या अन्नाकडे त्याचा हक्क म्हणून पाहिले. हक्क म्हटला की तो कोणा एकाच्या लहरीवर सोडता येत नाही. त्यासाठी व्यवस्था उभारावी लागते, माणसे नेमावी लागतात, आणि घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

१. एका शब्दाचा अर्थ

दानधर्मासाठी यहूदी लोक जो हिब्रू शब्द वापरतात तो ‘त्सदाका’. ‘त्सेदेक’ म्हणजे न्याय, नीतिमत्त्व. त्याच धातूपासून हा शब्द आला आहे. आपल्या मराठीत ‘दान’ म्हटले की प्रथम डोळ्यांसमोर दाता उभा राहतो. त्याचे औदार्य, त्याचे पुण्य, त्याचे नाव. ‘त्सदाका’ या शब्दात मात्र ज्याचे त्याला पोहोचते करण्याचा भाव आहे. भूमी परमेश्वराची, पीक परमेश्वराच्या आशीर्वादाचे. ज्याच्या कोठारात ते येऊन पडले तो केवळ कारभारी. गरिबाचा वाटा त्याने अडवून धरला तर तो केवळ कंजूष ठरत नाही, अन्यायी ठरतो.

हाच अर्थ ध्यानात ठेवून मत्तयाचा सहावा अध्याय पुन्हा वाचावा. पहिल्या वचनात प्रभू नीतिमत्त्वाच्या आचरणाविषयी बोलतो आणि दुसऱ्याच वचनात दानधर्माकडे वळतो. ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत; पण त्यांच्यामागे उभी असलेली हिब्रू कल्पना एकच आहे. प्रभू येथे यहूदी परंपरेच्या बाहेरून तिच्यावर टीका करीत नाही. तिच्या आतून, तिच्याच उत्तम मापाने, तिच्यातील ढोंग्यांना मोजतो.

२. शेताचा कोपरा

या न्यायाची पहिली शाळा शेतात भरली. लेवीय १९:९-१० आणि अनुवाद २४:१९-२१ या उताऱ्यांत शेतकऱ्याला स्पष्ट आज्ञा आहेत. कापणी करताना शेताचा कोपरा सोडून द्यावा, हातून गळलेली कणसे उचलू नयेत, विसरलेली पेंढी आणावयास परत जाऊ नये. ते सारे परका, पोरका व विधवा यांचे. मराठी शेतकऱ्याला ‘सरवा’ हा शब्द ठाऊक आहे. रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचावयास गेली ती याच नियमाच्या आधाराने.

सुमारे इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात ‘पेआ’, म्हणजे ‘कोपरा’, या नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. मोशेच्या आज्ञेत कोपरा किती मोठा असावा हे सांगितलेले नाही. रब्बींनी मात्र तो पिकाच्या साठाव्या हिश्शाहून कमी नसावा असे ठरविले. शेत मोठे असेल, गरीब पुष्कळ असतील, तर त्याहून अधिक. हा कोपरा कोणी न्यावा हे ठरविण्याचा अधिकार मालकाला नव्हता. आपल्या ओळखीच्या गरिबाला बोलावून इतरांना हाकलणे निषिद्ध होते, कारण जे आपले नाही त्याचे वाटप आपण कसे करणार? गरिबांनी शेतात येण्याच्या दिवसातून तीन वेळा ठरलेल्या होत्या, सकाळ, दुपार आणि तिसरा प्रहर. जेरूसलेमच्या तलमूदात याचे जे कारण दिले आहे ते हृद्य आहे. सकाळची वेळ अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी, दुपारची लहान मुलांसाठी, आणि तिसऱ्या प्रहराची हळूहळू चालत येणाऱ्या वृद्धांसाठी.

आपल्याकडील जुन्या गावगाड्यात बलुतेदाराला खळ्यावर वाटा मिळे, पण तो त्याच्या कामाचा मोबदला असे. येथे वाट्यासाठी काम लागत नाही, नातेही लागत नाही. गरज एवढेच प्रमाण पुरे होते.

३. गावाची थाळी आणि गावाची पेटी

शेतापासून दूर, नगरांत राहणाऱ्या समाजाला शेताचा कोपरा पुरेना. तेथे दोन संस्था उभ्या राहिल्या. एक ‘तम्हुई’, म्हणजे थाळी. दुसरी ‘कुप्पा’, म्हणजे टोपली वा पेटी. तम्हुईसाठी घरोघरी फिरून रोज शिजलेले अन्न, भाकरी, फळे गोळा करीत आणि त्याच दिवशी वाटीत. कुप्पेत पैसा गोळा होई व तो दर शुक्रवारी, शब्बाथाच्या आधी, पुढच्या आठवड्यासाठी दिला जाई. कुप्पा गावच्या गरिबांसाठी होती. थाळी मात्र कोठूनही आलेल्या कोणाही भुकेल्यासाठी. वाटसरूला निदान एक भाकर द्यावी, तो रात्री राहिला तर निवाऱ्याची सोय करावी, आणि शब्बाथाला राहिला तर तीन जेवणांपुरते अन्न द्यावे, असा मिश्नेचा नियम आहे. ज्याच्या घरी दोन वेळचे अन्न आहे त्याने थाळीतून घेऊ नये, आणि ज्याच्याकडे चौदा वेळचे आहे त्याने कुप्पेतून घेऊ नये, अशी मर्यादाही तेथेच घातली आहे.

पैसा गोळा करावयास निदान दोघे आणि वाटावयास तिघे असावेत, असा दंडक होता. दोघे अशासाठी की, समाजावर आर्थिक अधिकार एकट्याच्या हाती नसावा. तिघे अशासाठी की, पैशाचे दावे तीन न्यायाधीशांपुढे चालत, आणि कोणाला किती द्यावे हा निर्णय त्याच तोलाचा मानला गेला. ज्या ठिकाणी गरिबाच्या भाकरीचा प्रश्न न्यायासनाच्या पद्धतीने सोडविला जातो, तेथे ‘त्सदाका’ या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

या सेवकांना ‘गब्बाई’ म्हणत. त्यांच्याविषयीचे तलमूदातील बारकावे वाचून आपल्या कोणाही खजिनदाराने विचारात पडावे. गोळा करताना त्यांनी एकमेकांची सोबत सोडू नये. वाटेत स्वतःचे पैसे सापडले तरी ते स्वतःच्या खिशात न टाकता पेटीत टाकावेत व घरी गेल्यावर काढून घ्यावेत, म्हणजे पाहणाऱ्याला संशय येणार नाही. थाळीतील अन्न उरले आणि घेणारा कोणी नसला, तर ते दुसऱ्यांना विकावे. स्वतः विकत घेऊ नये. प्रेषित पौलाने जेरूसलेममधील गरिबांसाठी वर्गणी जमविली तेव्हा तीताबरोबर आणखी बंधू पाठविले आणि कोणी दोष लावू नये म्हणून ही काळजी घेतल्याचे सांगितले (२ करिंथ ८:१८-२१). पौल ज्या परंपरेत वाढला तिचेच हे वळण आहे.

४. आधी भाकर, मग प्रश्न

प्रत्येक मदतकार्यात एक जुना पेच असतो. मागणारा खरोखर गरजू आहे की नाही, याची चौकशी करावी काय? तलमूदात यावर दोन मते नोंदविली आहेत. रब्बी हुना म्हणतात, अन्न मागणाऱ्याची चौकशी करावी, वस्त्र मागणाऱ्याची करू नये. उघडे असणे ही विटंबना आहे. रब्बी यहूदा याच्या उलट म्हणतात. वस्त्र मागणाऱ्याची चौकशी करावी, पण अन्न मागणाऱ्याची करू नये. भूक त्याला या क्षणी पीडा देत आहे. परंपरेने निर्णय रब्बी यहूदांच्या बाजूने दिला. अनोळखी माणूस भूक लागली म्हणून आला तर आधी त्याला जेवू घालावे. फसवले जाण्याचा धोका उपाशी ठेवण्याच्या धोक्यापेक्षा लहान मानला गेला.

या परंपरेत सीमाही आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. आधी घरचे, मग गावचे, मग परगावचे, असा क्रम तिने मानला. परंतु त्याबरोबरच, यहूदी गरिबांसोबत अन्यधर्मीय गरिबांनाही शांततेच्या हितासाठी पोसावे, असेही तिने सांगितले. स्वतः दानावर जगणाऱ्यानेही आपल्या वाट्यातून थोडे द्यावे, हा नियम तर विशेष मननीय आहे. देण्याचा मान गरिबाकडूनही काढून घेऊ नये, असा त्याचा आशय आहे.

५. घेणाऱ्याची मान

जेरूसलेमच्या मंदिरात एक ‘गुप्त दालन’ होते, असे मिश्ना सांगते. देवभीरू लोक तेथे गुपचूप ठेव ठेवीत आणि चांगल्या घरचे पण दैन्यात पडलेले लोक तेथूनच गुपचूप नेत. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण (मत्तय ६:३) या दालनाच्या शेजारी ठेवून शिकविली, तर विद्यार्थ्यांना ती अधिक उमगेल.

तलमूदातील मार उक्वा यांची कथा धर्मशिक्षकांनी अवश्य सांगावी. ते शेजारच्या एका गरिबाच्या दाराच्या खाचेत रोज चार नाणी टाकीत. हा कोण, हे पाहावे म्हणून एके दिवशी तो गरीब दबा धरून बसला. मार उक्वा पत्नीसह आले होते. दार हलताच दोघे पळाले आणि नुकताच विस्तव काढलेल्या एका भट्टीत लपले. मार उक्वांचे पाय पोळू लागले. पत्नी म्हणाली, तुमचे पाय माझ्या पायांवर ठेवा. तिचे पाय मात्र पोळत नव्हते. ते खिन्न झाले, तेव्हा तिने उलगडा केला. मी घरी असते. दारी येणाऱ्याला माझ्याकडून तयार अन्न लगेच मिळते. पैसे मिळाले तरी त्याचे अन्न होईपर्यंत भुकेल्याला थांबावे लागते. तिच्या हातचा घास त्याच क्षणी पोटात जातो. या कथेतील दोन धडे एकमेकांना पूरक आहेत. गरिबाला लाज वाटू नये म्हणून दाता विस्तवाची धग सोसतो, आणि चुलीपाशी राबणाऱ्या स्त्रीची सेवा विद्वान पतीच्या दानाहून वरचढ ठरते.

या साऱ्या विचारांची मांडणी मैमोनीदेस या थोर आचार्याने केली. त्याचा जन्म स्पेनमधील कॉर्दोबा येथे बाराव्या शतकात झाला व १२०४ साली तो इजिप्तमध्ये निवर्तला. ‘मिश्ने तोरा’ या ग्रंथात त्याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. सर्वांत खालची पायरी नाखुशीने देणाऱ्याची. तिच्यावर, कमी पण हसतमुखाने देणाऱ्याची. मग मागितल्यावर देणाऱ्याची. मग मागण्याआधी देणाऱ्याची. त्यावर, घेणारा देणाऱ्याला ओळखतो पण देणारा त्याला ओळखत नाही. त्यावर, देणारा ओळखतो पण घेणारा ओळखत नाही. त्यावर, दोघेही एकमेकांना ओळखत नाहीत. सर्वांत वरची पायरी मात्र अन्नवाटपाची नाही. गरिबाला देणगी वा कर्ज देऊन, भागीदारीत घेऊन किंवा काम मिळवून देऊन त्याच्यावर हात पसरण्याची वेळच येऊ न देणे, ही ती पायरी होय.

हे केवळ ग्रंथातले आदर्श होते काय? याचे उत्तर कैरोच्या जुन्या वस्तीतील, फुस्तातमधील, बेन एझ्रा सभास्थानाच्या कोठडीत मिळाले. तेथे शतकानुशतके साठलेले कागद सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये केंब्रिजला नेले. पुढे एस. डी. गॉइटाइन आणि मार्क कोहेन या विद्वानांनी त्यांतील दानाच्या याद्या अभ्यासल्या. अकराव्या-बाराव्या शतकांत तेथे आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, गरिबांना भाकरी वाटल्या जात. कोणाला किती भाकरी, याच्या नोंदी आहेत. विधवा, आंधळे, परदेशातून आलेले निर्वासित, सारे त्यांत आहेत. मैमोनीदेसने आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध याच फुस्तातमध्ये घालविला. कुप्पा नसलेली यहूदी वस्ती आपण पाहिली नाही की ऐकली नाही, असे तो लिहितो, तेव्हा त्याला ग्रंथांपलीकडचा आधार होता.

६. अलीकडच्या काळात

ही परंपरा मध्ययुगात थांबली नाही. लंडनच्या पूर्व भागात १८५४ साली गरीब यहूद्यांसाठी सूप व भाकर देणारे स्वयंपाकघर सुरू झाले. १८८१ नंतर रशियन साम्राज्यातील छळामुळे निर्वासितांचे लोंढे आले आणि काम वाढले. १९०२ साली ब्रून स्ट्रीटवर त्यासाठी इमारत उभी राहिली. ते स्वयंपाकघर आता बंद झाले आहे, पण दर्शनी भागावर कोरलेले त्याचे नाव अद्याप वाचता येते.

अमेरिकेत १९८५ साली लेनर्ड फाइन यांनी ‘माझोन’ ही संस्था स्थापिली. या हिब्रू शब्दाचा अर्थ अन्न असा आहे. लग्न वा अन्य कौटुंबिक समारंभाच्या खर्चाच्या तीन टक्के रक्कम भुकेल्यांसाठी द्यावी, असे आवाहन तिने यहूदी कुटुंबांना केले. मेजवानीच्या ताटातच शेताचा कोपरा राखण्याचा हा प्रकार होय. इस्राएलमध्ये २००३ साली सुरू झालेली एक संस्था आज ‘लेकेत इस्राएल’ या नावाने ओळखली जाते. ‘लेकेत’ म्हणजेच सरवा. हॉटेलांत व समारंभांत उरलेले चांगले अन्न ती गोळा करते, आणि तिचे स्वयंसेवक शेतांत जाऊन गरजूंसाठी भाजी व फळे तोडतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २००५ साली सुरू झालेल्या ‘मास्बिया’ या अन्नछत्राने तर जेवणाच्या जागेला उपाहारगृहाचे रूप दिले. पाहुणा मेजावर बसतो आणि स्वयंसेवक त्याला वाढतात. दारी येणाऱ्याचा धर्म तेथे विचारला जात नाही. अनेक शहरांत स्वयंसेवक शब्बाथापूर्वी अन्नाच्या पेट्या गरजू घरांच्या दाराशी ठेवतात आणि निघून जातात. मार उक्वाच्या दाराची खाच अजून वापरात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या परंपरेचा एक धागा आपल्या भाषेपर्यंत येऊन पोहोचला आहे. वल्हांडणाच्या रात्री प्रत्येक यहूदी घरात ‘हग्गादा’ वाचतात, आणि तिच्या आरंभीच भुकेल्या माणसाला आत येऊन जेवण्याचे निमंत्रण असते. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी; त्यांच्यासाठी १८७४ साली पुण्यात हिब्रू व मराठी अशी सचित्र हग्गादा छापली गेली. तेव्हा हे निमंत्रण दीडशे वर्षांपासून मराठीतही वाचावयास मिळत आहे. प्रभू येशूने शेवटचे भोजन घेतले तेही वल्हांडणाच्याच सणात. पवित्र मिस्साबलिदानाची मेज मांडताना धर्मगुरूने हे निमंत्रण आठवावे.

७. पहिली मंडळी आणि आजचे धर्मग्राम

प्रेषितांची कृत्ये ६:१-६ हा उतारा आपण सेवकपदाच्या संदर्भात शिकवितो. मूळ तंटा मात्र भाकरीचा होता. रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवा वगळल्या जात होत्या. रोजचे वाटप, त्यासाठी नेमलेली विश्वासू माणसे, कोणी सुटू नये याची दक्षता, ही लक्षणे थाळी व कुप्पा यांच्याशी मिळतीजुळती आहेत. मिश्ना नंतरच्या काळात संकलित झाल्यामुळे एकातून दुसरे थेट आले असे म्हणणे योग्य नव्हे. पण दोन्ही एकाच मातीतील आहेत, हे निश्चित. पुढे चौथ्या शतकात, ख्रिस्ती धर्म सोडलेल्या जूलियन सम्राटाने गलातियातील एका पुरोहिताला लिहिले की, यहूद्यांपैकी कोणाला भीक मागावी लागत नाही, आणि ख्रिस्ती लोक तर आपल्याबरोबर इतरांच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने एकाच वाक्यात दोघांनाही दिलेले हे प्रशस्तिपत्र आहे. आजचा विरोधक आपल्याविषयी असे लिहील काय, हा प्रश्न आपण टाळू नये.

आपल्या धर्मग्रामांत अन्नदान होत नाही असे नाही. नाताळात पाकिटे वाटली जातात, संत अंतोनीच्या पेटीत पैसे पडतात, व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे सभासद घरोघर जातात. परंतु पुष्कळ ठिकाणी दान सणापुरते असते, एकाच व्यक्तीच्या हाती असते, आणि वाटपाच्या वेळी घेणाऱ्याला रांगेत उभे करून त्याचे छायाचित्र घेतले जाते. ते छायाचित्र घेणाऱ्याची मुले शाळेतील सोबत्यांसमवेत पाहतात, याचा विचार आपण करीत नाही.

यासाठी काही सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक धर्मग्रामात अन्नासाठी वेगळा निधी असावा, तो दोघांनी जमवावा व तिघांनी मिळून वाटावा. धर्मगुरूने एकट्याने ही किल्ली बाळगू नये. दुसरी, वाटप सणावारी न होता आठवड्याचे असावे, कारण भूक पंचांग पाहून येत नाही. तिसरी, उपाशी आलेल्याला प्रथम जेवू घालावे. नाव, धर्म व शिफारसपत्र यांची विचारपूस नंतर. चौथी, विवाहाच्या तयारीच्या वर्गांत वधूवरांना मेजवानीच्या खर्चाचा एक ठरावीक अंश भुकेल्यांसाठी बाजूला काढण्यास सांगावे. पाचवी, वाटपाची छायाचित्रे बंद करावीत. आणि सहावी, ज्यांना आपण वर्षानुवर्षे पाकीट देत आलो त्यांच्यापैकी किती जणांना काम, कर्ज वा शिक्षण देऊन त्या यादीतून मोकळे केले, याचा हिशेब वर्षातून एकदा धर्मग्राम समितीपुढे ठेवावा.

धर्मशिक्षकांना आणखी एक विनंती. मत्तयाचा सहावा अध्याय शिकविताना मंदिरातील गुप्त दालनाचा, आणि रूथची कथा सांगताना शेताच्या कोपऱ्याचा उल्लेख अवश्य करावा. येशूने ज्या घरात शब्द शिकले त्या घराविषयी आदर बाळगूनच मुलांनी येशूचे शब्द शिकावेत. याकोबाने आपल्या पत्रात (२:१५-१६) उपाशी बंधूला नुसते आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्यांना जाब विचारला आहे. तो जाब विचारणारा यहूदी घरातच वाढला होता. त्याच्या प्रश्नाचे उत्तर प्रवचनात देता येत नाही. ते शनिवारच्या बाजारात, धर्मग्रामाच्या चुलीवर आणि शेजाऱ्याच्या दाराशीच द्यावे लागते.